तुझ्या फोनात परवानगीविना झालेल्या बदलाबाबत

विकासनगर, देहूरोड
रविवार, सकाळच्या वंदनेनंतर

कालकथित विजयश्री साहेबराव ओव्हाळ यांस,

सप्रेम जय भीम.

तुला पूर्ण नावाने संबोधण्याचा हा माझ्या आयुष्यातील बहुधा दुसराच प्रसंग. पहिला रुग्णालयाच्या खिडकीपाशी आला होता. तेथील कारकुनास नीट ऐकू येत नसल्याने नाव पुन्हा पुन्हा उच्चारावे लागले आणि मागच्या रांगेला ते पाठ झाले. एरवी ‘अगं’ आणि ‘मिनलची आई’ या दोन संबोधनांवर आपला संसार सुरळीत चालला. परंतु पत्र म्हटले की पूर्ण नाव हवे. अर्धवट नावावरील टपाल परत येते, आणि हे पत्र परत आल्यास ते उघडून वाचण्याची माझी तयारी नाही.

पत्राच्या आरंभी प्रकृतीची विचारपूस करण्याची रीत आहे. ती मोडण्याचे मला कारण दिसत नाही. गुडघेदुखी आता नसावी. आत्मा नाही, ही आपली दोघांची भूमिका पहिल्यापासून स्पष्ट असल्याने हे पत्र नेमके कोणास पोहोचणार हा प्रश्न उपस्थित होतो. तो मी तूर्त प्रलंबित ठेवला आहे. (मिनलला विचारले असता ती म्हणाली, “बाबा, तुम्ही लिहा तर, पत्त्याचं नंतर बघू.” तळवड्याच्या तिच्या कंपनीत सर्व कामे याच पद्धतीने चालतात, असे आता माझे मत झाले आहे. त्याविषयी पुढे येईलच.) माझी प्रकृती ठीक आहे. पांढरी गोळी सकाळी, लाल रात्री. मधल्या एका दिवशी या क्रमात व्यत्यय आला, आणि त्या व्यत्ययाचा वृत्तांत तुला कळवणे हे माझे कर्तव्य आहे, कारण ज्या वस्तूत तो घडला तिची मालक तू आहेस.

विषय तुझ्या फोनाचा आहे. तू गेल्यानंतर तो बंद करून कपाटात ठेवावा, असे सर्वांचे मत पडले होते. मीही त्या मताचा होतो. परंतु पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, घरातील पाहुणे उठण्यापूर्वी, तो फ्रिजवर वाजू लागला. पाहिले तर पडद्यावर अक्षरे होती: “उठलात का? अंथरुणाची घडी घाला. नुसतं बाजूला सारू नका.” मी घडी घातली. थोड्या वेळाने पुन्हा वाजला: “गोळी. पांढरी. लाल नाही.” मग: “दूध. समोर उभे राहा. पेपर घेऊन नाही.” मग: “मोटर बंद करा, नाहीतर विलासराव वरून ओरडतील.” शेवटच्या महिन्यात तू अंथरुणावर पडल्या पडल्या तासन्‌तास त्या फोनावर बोट फिरवीत असायचीस, तेव्हा तू रंगीत गोळ्या फोडण्याचा तो खेळ खेळत असावीस, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तू माझे वेळापत्रक लावत होतीस. प्रत्येक गुरुवारी रात्री “मिनलला फोन करा. उपदेश नको.” अशी सूचना येते, मी फोन करतो, आणि उपदेश या शब्दाची व्याप्ती निश्चित नसल्याने बहुतेक वेळ आम्ही दोघेही गप्प असतो.

आणि रोज सायंकाळी पाच वाजता: “अभ्यासिका. किल्ल्या खिळ्याला आहेत. पोरींना दटावू नका.”

विहारामागची ती अभ्यासिका तू इतकी वर्षे उघडलीस, झाडलीस, रात्री बंद केलीस; त्या काळात मी तिकडे फिरकलो तो केवळ पंखा दुरुस्त झाला की नाही हे तपासण्यापुरता. आता मी रोज पाचला जातो. कुलूप काढतो, खिडक्या उघडतो, सतरंज्या एका रेषेत अंथरतो, आणि पोरी बारावीचा, पोलीस भरतीचा अभ्यास करीत असताना दाराशी खुर्ची टाकून बसतो. दटावत नाही. (घसा मात्र खाकरतो. ते दटावण्यात मोडते काय, याविषयी सूचनेत उल्लेख नाही.) विहार समितीचे सचिव रणजीत यांनी दोन वेळा अत्यंत नम्रपणे सुचवले की, “काका, तुम्हाला त्रास होत असेल तर किल्ली दुसऱ्या कुणाकडे फिरती ठेवू.” मी त्यांना तितक्याच नम्रपणे कळवले की, पूर्वीच्या धारकाने स्वतः हस्तांतर केल्याशिवाय किल्ली फिरत नसते. यावर ते पायातल्या चपलेकडे पाहत राहिले.

असे सर्व काही यथास्थित चालले असताना तुझ्या फोनाने दुसऱ्याच एका सूचनेचा धोशा लावला: “नवीन अपडेट उपलब्ध आहे.” खाली दोन बटणे. एक मोठे, निळे, ‘आत्ता इन्स्टॉल करा’. दुसरे लहान, फिकट, नोकरीच्या अर्जातील अटींइतके बारीक, ‘नंतर आठवण करा’. मी दुसरे दाबले. दुसऱ्या दिवशी त्याने आठवण केली. मी पुन्हा दाबले. विमा विकणारा माणूस निदान दिवाळीत येत नाही. हा सणवार पाळत नव्हता. तुझी सूचना वाचायला फोन हाती घ्यावा, तर तुझ्या अक्षरांवर हा आडवा. “गोळी. पांढरी.” एवढेच दिसायचे, आणि पुढचे वाचण्यासाठी मला आधी त्याला ‘नंतर’ म्हणावे लागायचे. माझ्यासारख्या मनुष्याला नकार देण्याची सवय आहे. चाकणच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत मी आयुष्यभर तेच केले. परंतु एकाच पक्षाला रोज तोच नकार, त्याच शब्दांत, आणि पलीकडे कसलाही राग नाही, लाज नाही, हे थकवणारे असते.

हे अपडेट कशासाठी, म्हणून मी तपशील उघडला. तेथे लिहिले होते: “कामगिरीत सुधारणा व किरकोळ दोषांचे निराकरण.” विजयश्री, तू कारखान्यात कधी आली नाहीस, परंतु इतकी वर्षे जेवताना माझ्याकडून ऐकलेस, तेव्हा तूच सांग. कोणते दोष? किती? कोणाला आढळले? मूळ कारण काय? एखाद्या पुरवठादाराने ‘किरकोळ दोष काढले आहेत’ एवढीच चिठ्ठी लावून माल पाठवला असता, तर मी त्याचा टेम्पो फाटकावरून मागे वळवला असता. किंबहुना असे टेम्पो मी वळवले आहेत, आणि त्यांचे चालक मला कोणत्या नावाने ओळखत हे मला ज्ञात आहे. आमच्याकडे ड्रॉइंगवरील एक रेघ बदलायची तरी बदलाचे कारण लिहावे लागे आणि मालकाची, म्हणजे ज्याचे ते ड्रॉइंग त्याची, सही घ्यावी लागे. सही नाही, तर बदल नाही. या फोनाची मालक तू. तुझी सही मिळणे शक्य नाही. तेव्हा नियमाने हा बदल होऊ शकत नव्हता. एवढे साधे प्रकरण होते.

आणि मला भीतीही होती, हे लिहून ठेवतो. शेजारच्या इमारतीतील एका गृहस्थांच्या फोनातील सर्व छायाचित्रे अशाच एका अपडेटनंतर नाहीशी झाली होती. त्यांची छायाचित्रे महाबळेश्वरची होती. पुन्हा जाता येते. तुझ्या सूचना पुसल्या गेल्या तर त्या पुन्हा कोण लावणार?

(या रोगाची लागण केवळ तुझ्या फोनास झालेली नाही. मध्यंतरी बातम्या ऐन रंगात असताना टीव्ही काळा झाला आणि नव्या अटी मान्य करा म्हणू लागला. न वाचता सही करणे मला माहीत नसल्याने मी त्या वाचावयास बसलो. दुपार गेली. चहा दोनदा गार झाला. एका कलमात असे आढळले की, मी टीव्ही पाहतो तसा टीव्हीही मला पाहू शकेल. माझी हरकत नोंदवण्यासाठी समास शोधला, तो ठेवलेला नव्हता. शेवटी मी टीव्हीला रीतसर ‘अमान्य’ कळवले. तेव्हापासून तो केवळ एका निळ्या तळ्याचे चित्र दाखवतो. तळे चांगले आहे.)

मिनल जेवायला आली त्या दिवशी मी हा सर्व प्रश्न तिच्यापुढे मांडला. अपराधी दूरदेशी कोठे तरी असावेत, अशी माझी कल्पना होती. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की, आपली मुलगी तळवड्यात बसून नेमके हेच काम करते. तिच्या कंपनीचे कसलेसे ॲप आहे आणि त्याची अपडेटे लोकांच्या फोनावर पाठवण्याचे काम तिच्या चमूकडे आहे. ‘किरकोळ दोषांचे निराकरण’ हे वाक्य तीही लिहिते. मी विचारले की, दोष कोणते हे का लिहीत नाही. ती म्हणाली, कोणी वाचत नाही. मी म्हणालो, मी वाचतो. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही एकटे.” मग भाकरी मोडता मोडता तिने सहज सांगितले की, लोक सारखे ‘नंतर’ दाबतात म्हणून गेल्या वेळी त्यांनी ते बटण लहान केले. मी हातातील भाकरी ताटात परत ठेवली. ज्या मुलीला आपण वजाबाकी शिकवताना ‘हातचा लपवू नये’ असे सांगितले, तिने ते बटण लहान केले. तू असतीस तर हसली असतीस, आणि नंतर मलाच म्हणाली असतीस, “दर रविवारी अनित्य, अनित्य म्हणता, आणि भाजीवाला बदलला तरी आठवडाभर नीट जेवत नाही तुम्ही.” हे वाक्य तू मला यापूर्वी ऐकवले आहेस.

तरी मी प्रयत्न सोडला नाही. चिंचवड स्टेशनजवळ नवनाथ नावाच्या गृहस्थाचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे, त्यांच्याकडे लेखी अर्ज घेऊन गेलो. विषय: ‘सदर फोन आहे त्या स्थितीत कायम ठेवणेबाबत’. त्यांनी अर्ज उभ्याने, दोन्ही बाजूंनी, अत्यंत आदराने वाचला, परत माझ्या हाती दिला, आणि काचेवर नवे आवरण बसवून देऊ का, म्हणून विचारले. मी बसवून घेतले. कोठून तरी काही तरी सुधारणा झाली, एवढेच समाधान.

मग मी कारखान्याच्या पद्धतीकडे वळलो. ज्या भागाला हात लावायचा नाही त्यास आम्ही लाल चिठ्ठी बांधत असू. निवृत्तीच्या वेळी अशा काही चिठ्ठ्या माझ्या डब्यात राहून गेल्या होत्या. त्यातील एक काढून तुझ्या फोनाला दोऱ्याने बांधली: ‘होल्ड. तपासणी प्रमुखांच्या परवानगीशिवाय बदल करू नये. सा. ओ.’ शेजारच्या रुक्मिणीबाई भाजी द्यायला आल्या, त्यांनी फ्रिजवरील ती लाल चिठ्ठी पाहिली आणि आवाज खाली आणून विचारले, “भाऊजी, कुणाची नजर लागली व्हय वयनीच्या फोनाला? आमच्या लातुराकडं काळा दोरा बांधत्यात.” एका बौद्धाच्या घरात, बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, माझ्यावर दृष्ट काढल्याचा आळ आला. मी त्यांना गुणवत्ता नियंत्रणाची मूलतत्त्वे समजावून सांगितली. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि जाताना म्हणाल्या, “बांधा बांधा, गुण येतोच.”

चिठ्ठी फोनास वाचता येत नाही, हे मला समजत होते. म्हणून दुसरी उपाययोजनाही केली होती. ही अपडेटे रात्री, फोन चार्जिंगला असताना, वायफायवरून आपोआप घुसतात, असे त्याच तपशिलात बारीक अक्षरात दिले होते. तेव्हा मी निजण्यापूर्वी घरातील वायफायची पेटी बंद करू लागलो. गॅस, दिवा, कडी, वायफाय. पहारा चोख होता.

गेल्या मंगळवारी सकाळी मला जाग आली ती उन्हाने. फोन वाजला नव्हता. प्रथम वाटले, तू सुटी दिली असावीस. मग फ्रिजपाशी गेलो. लाल चिठ्ठी जागच्या जागी होती. पडद्यावर मात्र नवी, गोल, हसरी चित्रे होती, आणि मधोमध लिहिले होते: “तुमचा फोन आता अद्ययावत आहे.” तुझ्या सूचना कोठेही दिसेनात. मी फोन हाती घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. मिनलला फोन केला. ती बैठकीत होती, म्हणाली, सायंकाळी येते, तोवर काहीही दाबू नका. मी काहीही दाबले नाही.

त्या दिवसाचा अहवाल थोडक्यात देतो. अंथरुणाची घडी झाली नाही. दूध उतू गेले. मी समोर उभा होतो, पेपरही हातात नव्हता, तरी गेले. मोटर सुरू राहिली आणि टाकी वाहू लागल्यावर विलासराव वरून ओरडले, अगदी तू लिहिल्याप्रमाणे. पांढरी गोळी घेतली की नाही ते आठवेना, म्हणून घेतली नाही. दुपारी खुर्चीत बसलो. समोर भिंतीवरचे घड्याळ होते. साडेचार झाले. पावणेपाच झाले. पाच झाले. अभ्यासिका पाचला उघडते हे मला माहीत होते. किल्ल्या खिळ्याला आहेत, हेही मला बसल्या जागेवरून दिसत होते. पण फोन वाजला नाही, आणि मी उठलो नाही. साडेपाच झाले. मी तसाच बसून होतो. कोणी सांगितले नव्हते.

उठलो तेव्हा उन्हे उतरली होती. किल्ल्या घेतल्या आणि इतक्या घाईने निघालो की विहाराच्या कोपऱ्यावर ध्यानात आले, पायात घरातील सपाता होत्या. वाटेत मनाशी खुलासा तयार करीत होतो. पोरी पायऱ्यांवर बसल्या असणार. त्यांतील एकीचा दुसऱ्या दिवशी भौतिकशास्त्राचा पेपर होता. पोहोचलो, तर अभ्यासिकेचे दार उघडे. दिवे लागलेले. सतरंज्या अंथरलेल्या (एका रेषेत नव्हे). पोरी वाचत बसलेल्या, आणि दाराशी माझ्या खुर्चीच्या शेजारी, कंपनीचा निळा शर्ट अंगावर असलेली योगिनी उभी. चाकणच्या एका कारखान्यात लाइनवर काम करून रात्री येथे पोलीस भरतीचा अभ्यास करणारी ती मुलगी तुझ्या विशेष परिचयाची होती, एवढे मला ठाऊक होते. ती नुकतीच बसमधून उतरलेली दिसत होती. तळवड्याच्या चौकात बस अडकल्यामुळे पोरींना तासभर पायऱ्यांवर बसावे लागले, असे तिने सांगितले. मला बोल लावला नाही. मी विचारले की, कुलूप कोणाच्या किल्लीने निघाले.

“काकूंच्या,” ती म्हणाली. “ॲडमिट व्हायच्या आधी दिली होती मला. समितीत सांगूनच.”

“मग इतके महिने उघडली का नाहीस?”

“तुम्ही येत होता ना, काका.”

मी हातातील किल्ल्यांकडे पाहिले. तेव्हा ती पोरींना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, “काकू म्हणाल्या होत्या, ते पाचला आले तर तू मागं राहा. घरात बसून भिंतींना शिस्त लावत बसतील, त्यापेक्षा तुम्हा पोरींना लावू देत. चार माणसांत येतील.”

खुर्ची होती म्हणून बसलो.

आमच्याकडे एक पद्धत होती, तिला डेव्हिएशन म्हणत. ठरलेला भाग काही कारणाने बसवता येत नसेल, तर तोवर दुसरा भाग चालवून घ्यायचा. परवानगी लेखी, मुदत ठरावीक, आणि ती संबंधित सर्वांस ठाऊक. इतके महिने मी अशी समजूत बाळगून होतो की, मी तुझी व्यवस्था जशीच्या तशी सांभाळीत आहे. तुझी व्यवस्था योगिनी होती. डेव्हिएशन मी होतो. समितीस ठाऊक, योगिनीस ठाऊक, पोरींस ठाऊक. रणजीत यांना तर इतके ठाऊक की त्यांनी चपलेकडे पाहिले. माझ्याच नावाचा बदल, मालकाच्या सहीनिशी, माझ्यापर्यंत तेवढा पोहोचला नाही. पद्धत म्हणून मला यात एकही त्रुटी काढता येत नाही, आणि ही गोष्ट मला फार लागली.

रात्री मिनल आली. तिने फोनाकडे पाहिले, लाल चिठ्ठीकडे पाहिले, चिठ्ठी सोडली नाही, बाजूला धरून काम केले. सूचना पुसल्या गेल्या नव्हत्या. अपडेटनंतर सूचनांच्या त्या कार्यक्रमास (मिनलच्या भाषेत ॲपला) वाजण्याची परवानगी नव्याने द्यावी लागते, आणि ती मागणारा प्रश्न माझ्या ‘काहीही दाबले नाही’मुळे दिवसभर तसाच होता. तिने परवानगी दिली. लगेच फोन वाजला: “लाल गोळी. पाणी जास्त.” मिनल स्वयंपाकघरात पाणी आणायला गेली ती बराच वेळ आली नाही. परत आल्यावर म्हणाली, “बाबा, ते बटण मी लहान केलं म्हणून रागावलात ना?” मी म्हणालो, बटणाचा आकार हा स्वतंत्र विषय आहे. गुरुवार नसतानाही मग आम्ही पुष्कळ वेळ बोललो. उपदेश झाला नसावा. झाला असल्यास तिच्याकडून झाला.

राहिला प्रश्न, वायफाय बंद असताना अपडेट आत कसे आले. मिनलने तपासून सांगितले की तुझा फोन रात्रभर भिंतीपलीकडच्या वायफायशी जोडलेला होता. मी रुक्मिणीबाईंकडे खुलासा मागितला. त्या म्हणाल्या, “आवो भाऊजी, त्यो पासवर्ड तर वयनीच्या फोनात कवाचाच हाय. तुमी रात्री बातम्या लावून बसायचा, तवा आमी दोघी ह्या वायफायवर मालिका बघायचो, एक हिकडं, एक तिकडं.” माझा सर्व पहारा पुढच्या दारावर होता. मागच्या दाराची किल्ली तू शेजारी दिली होतीस. किल्ल्या वाटण्याची तुझी ही सवय मला इतक्या वर्षांत कशी दिसली नाही, असे आता वाटते.

असो. या सर्व घडामोडींचा साकल्याने विचार करून मी पुढील निर्णय घेतला आहे. फोनास यापुढे कोणतेही अपडेट दिले जाणार नाही. रुक्मिणीबाईंना पासवर्ड बदलण्याची विनंती केली आहे. (त्या हो म्हणाल्या. बदलता कसा येतो, हे त्यांस ठाऊक नाही.) अभ्यासिकेच्या किल्ल्या माझ्याकडेच राहतील. योगिनीने त्या मागितलेल्या नाहीत. रणजीत यांनीही, “काका, तुम्हीच उघडा, तुमच्याशिवाय सतरंज्या सरळ होत नाहीत,” असे कळवले आहे. तेव्हा विषय माझ्या बाजूने बंद झाला आहे.

पत्राअखेरीस लोभ असावा, असे लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु लोभ, द्वेष आणि मोह ही अकुशलाची तीन मुळे आपण दोघांनी दर रविवारी ऐकली आहेत, तेव्हा तुझ्याकडे लोभाची मागणी करणे मला योग्य वाटत नाही. तो माझ्याकडे आहे. पुरेसा आहे. तुझ्या वाट्याचाही इकडेच धरावा.

तुझा,
साहेबराव ओव्हाळ
(निवृत्त, गुणवत्ता तपासणी)

ता. क. – वरील सर्व लिहिण्याचे खरे कारण असे की, आज सकाळी पुन्हा एक अपडेट आले आहे. मागील अपडेटने निर्माण केलेले दोष हे दूर करणार आहे. कोणते, ते दिलेले नाही. मिनलला विचारले. ती म्हणाली, तुझा सूचनांचा तो कार्यक्रम जुना झाला आहे, यानंतर तो चालेलच असे ती सांगू शकत नाही. आणि अपडेट घेतले नाही तर फोनच काही दिवसांनी थांबेल. सर्व सूचनांची छायाचित्रे काढून देते, म्हणाली. मी म्हणालो, छायाचित्र वाजत नाही. तेव्हा विनंती अशी की, या बदलास तुझी सही हवी आहे. सही शक्य नसल्यास तोंडी होकारही चालेल. तशी नोंद मी करून घेईन.

दुसरा ता. क. – दुपारभर फोन समोर ठेवून वाट पाहिली. योगिनीला तू किल्ली दिलीस तेव्हा मला विचारले नव्हतेस. तोच होकार मी पुढे लागू धरला आहे. चिठ्ठीचा दोरा सोडला आणि मोठे बटण दाबले. फोन काळा झाला आणि त्यावर एक पांढरी रेघ हळूहळू भरू लागली. ती भरेपर्यंत थांबणार होतो. परंतु घड्याळात पाचाला थोडा अवधी होता आणि अभ्यासिका पाचला उघडते, म्हणून थांबलो नाही. किल्ल्या खिळ्यावरून घेतल्या. पायात चपला आहेत. हा मजकूर दाराशी उभ्याने लिहीत आहे. अक्षरास हसू नये.

तिसरा ता. क. – अभ्यासिकेच्या पायरीवरून लिहीत आहे. भौतिकशास्त्राच्या मुलीचा पेपर बरा गेला. तिने मला व्हर्निअरचे माप कसे वाचतात ते विचारले. तिच्याजवळ बसून समजावले, घसा खाकरला नाही, आणि बसलो ती जागा दाराशी नव्हती. उद्याही या, म्हणाली. उद्या दार योगिनी उघडेल. पोरी गेल्या. पंखे व दिवे बंद केले, खिडक्या तपासल्या. दार कुलूपबंद केले. खिळ्यावरच्या किल्ल्याही योगिनीकडे सोपवल्या.